कॅथलिक हायस्कूल कुणाचं? छावणीची शाळा, नगरची शाळा आणि मुळशीतली आपली मुलं

मुळशी तालुक्यात आज जमिनीइतकीच चर्चा शाळांची होते. हिंजवडी-माणला आयटी पार्क आलं, बावधन, सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, पिरंगुटला कारखाने उभे राहिले, लवळ्याला खासगी विद्यापीठ आलं. त्यांच्या मागोमाग इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या आल्या. सोसायट्यांच्या गेटवर सकाळी या बस थांबतात. त्याच सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या, पहारा देणाऱ्या आणि बांधकामावर विटा वाहणाऱ्या आपल्या माणसांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेकडे चालत जातात. या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक वाक्य सतत ऐकू येतं, "पोराला कॉन्व्हेंटला घालायचं होतं, पण जमलं नाही."

'कॉन्व्हेंट' हा शब्द आपल्या वस्तीत इंग्रजी शाळेचा समानार्थी शब्द झाला आहे. दहा बाय दहाच्या गाळ्यातल्या बालवाडीलाही लोक कॉन्व्हेंट म्हणतात. पण ज्या शाळांमुळे या शब्दाला प्रतिष्ठा आली, त्या खऱ्या कॅथलिक शाळा कशा उभ्या राहिल्या, कुणासाठी उभ्या राहिल्या आणि वाढत वाढत कुणाच्या झाल्या, हा इतिहास आपल्याला कुणी सांगत नाही. एका बाजूला या शाळांची भक्ती आहे, दुसऱ्या बाजूला 'धर्मांतराचे अड्डे' म्हणून त्यांच्यावर हल्ले आहेत. आंबेडकरी तरुणाला दोन्ही बाजूंनी वाहून जाणं परवडणारं नाही. म्हणून हा इतिहास आपण आपल्या नजरेतून तपासला पाहिजे.

दार कुणी बंद केलं होतं?

मिशनरी शाळांचा विषय निघाला की पहिला आक्षेप येतो, "ते आमिष दाखवायला आले होते." हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. त्या वेळी आमच्यासाठी दुसरं कोणतं दार उघडं होतं?

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलाने थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारने सांगितलं ते असं, की एकाला घेतल्याने बाकीची मुलं शाळा सोडतील आणि शाळा निरुपयोगी होईल. म्हणजे सगळ्यांच्या करावर चाललेली शाळा, पण तिच्यात कुणी बसायचं हे सवर्ण पालकांच्या मर्जीवर. पुढे वरिष्ठ सरकारने सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं तत्त्व मान्य केलं, पण गावोगावी ते कागदावरच राहिलं. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिलं, त्यात या धारवाड प्रकरणाची नोंद घेतली आहे. सत्तर वर्षांनंतरही ते प्रकरण त्यांना जुनं वाटलं नव्हतं.

या काळात मिशनऱ्यांच्या शाळेत जोतीराव फुले शिकले. १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचं इंग्रजी शिक्षण झालं. अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीमाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही फरारबाईंचं नाव जोडलं जातं. हे सगळे प्रॉटेस्टंट मिशनरी होते, कॅथलिक नव्हते. पण मुद्दा असा की पेशव्यांच्या पुण्यात ज्ञानाची भिंत पहिल्यांदा बाहेरून फुटली. फुल्यांनी मिशनऱ्यांकडून शिक्षण घेतलं, त्यांचं ऋणही मानलं, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. घ्यायचं ते घेतलं आणि आपली शाळा स्वतः काढली. हा आपला पहिला धडा आहे.

१८६७ : छावणीतलं हायस्कूल

आता कॅथलिक शाळेकडे येऊ. मुळशीकडून पुण्याला गेलो की या इतिहासाची एक जुनी खूण कॅम्पात भेटते. सेंट व्हिन्सेंट हायस्कूल, स्थापना १८६७. चालवणारे जेझुइट, म्हणजे इग्नेशियस लोयोलाने १५४० साली स्थापन केलेल्या येशूसंघाचे पाद्री.

१८६७ हेच साल का आणि कॅम्पच का? त्यामागे तीन कारणं आहेत. पहिलं, १८५४ च्या वूडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं धोरण आणलं. शाळा कोण चालवतो यापेक्षा ती नीट चालते का, हे पाहून पैसा द्यायचा, असं ठरलं. त्यामुळे मिशन संस्थांना शाळा काढणं शक्य झालं. दुसरं, १८५० च्या दशकात मुंबई प्रांतातलं कॅथलिक मिशन जर्मन भाषक जेझुइटांकडे आलं. शिक्षण हे या संघाचं जुनं काम. १८६० च्या दशकात त्यांनी मुंबईत एकामागून एक शाळा उभ्या केल्या आणि १८६९ ला सेंट झेवियर्स कॉलेज काढलं. तिसरं, मुंबई-पुणे रेल्वे सुरू झाली होती आणि पुण्याची छावणी वाढत होती. छावणीत आयरिश कॅथलिक शिपाई होते, अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, गोव्याहून आलेले कारकून, वादक, स्वयंपाकी होते. त्यांच्या मुलांना इंग्रजी शिक्षण आणि आपल्या धर्माची शिकवण हवी होती.

म्हणजे ही शाळा कॅथलिकांसाठी निघाली, तीही छावणीतल्या इंग्रजी बोलणाऱ्या किंवा इंग्रजीवर पोट असणाऱ्या कॅथलिकांसाठी. आणि जेझुइटांच्या शाळा त्या काळी मुलग्यांच्याच. त्यात वाईट काही नाही. प्रत्येक समाज आपल्या लेकरांचं आधी पाहतो. पण 'मिशनरी आले ते गोरगरिबांना शिकवायला' हे वाक्य आपण जसंच्या तसं स्वीकारतो तेव्हा हा तपशील आपल्या नजरेतून सुटतो.

शिवाय जात चर्चच्या दाराशी थांबली नव्हती. गोव्यात तीनशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेल्या समाजात बामण, चार्डो आणि शूद्र हे भेद तसेच टिकले होते. लग्नं जातीत, चर्चमधली मंडळं जातीवार. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर धर्म बदलला तरी सामाजिक रचना आपोआप बदलत नाही. ती बदलावी लागते, ठरवून, संघर्ष करून.

याच छावणीत आपली माणसंही होती. महार बटलर होते, मोतद्दार होते, लष्करात शिपाई होते. रामजी सुभेदारांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढणारे शिवराम जानबा कांबळे याच कॅम्पच्या वातावरणात घडले. साहेबाच्या घरात वावरताना कानावर पडलेलं इंग्रजी, लष्करातली शाळा आणि स्वतःची जिद्द यांवर ही पिढी उभी राहिली. छावणीतल्या इंग्रजी हायस्कूलचा जन्म मात्र त्यांच्यासाठी झाला नव्हता. एकाच कॅम्पात दोन जगं शेजारी शेजारी नांदत होती.

१८७८ : नगरची दुसरी शाळा

सेंट व्हिन्सेंट निघाल्यावर अकरा वर्षांनी, १८७८ च्या सुमारास, हेच जेझुइट अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात गेले. राहुरी तालुक्यातलं केंदळ, नंतर वळण, संगमनेर, पुढे हरेगाव. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ पासून काम करत होतं. त्यामागोमाग कॅथलिक आले. त्यांच्याकडे आलेले लोक बहुसंख्य महार आणि मांग होते.

काळ लक्षात घ्या. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ, मग १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. गावाबाहेरच्या वस्तीत अन्न नाही, विहिरीवर पाणी नाही, गावकीची कामं मात्र चुकत नाहीत. त्या वेळी धान्य, दवापाणी, अनाथालय आणि शाळा घेऊन कुणी आलं तर माणसं तिकडे गेली. आजही 'पोटासाठी बाटले' असा टोमणा मारला जातो. आम्ही म्हणतो, पोटासाठी धर्म सोडणाऱ्याला हसण्याआधी त्याला उपाशी ठेवणाऱ्या धर्माला जाब विचारा. भाकरीसोबत माणूस म्हणून हाक मिळत असेल, पाटी-पेन्सिल मिळत असेल, तर तो निर्णय शहाणपणाचाच होता.

पण आता दोन्ही शाळा शेजारी ठेवून पाहा. पुण्याच्या कॅम्पात इंग्रजी माध्यमाचं हायस्कूल, दगडी इमारत, मैदान, मॅट्रिकची परीक्षा, त्यापुढे कॉलेज आणि सरकारी नोकरीचा रस्ता. नगरच्या खेड्यात मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, बहुतेकदा एकशिक्षकी. तिथला 'मास्तर' एकाच वेळी शिक्षक, धर्मशिक्षक आणि पाद्रीबाबांचा मदतनीस. पुढे वसतिगृह, शिवण, सुतारकाम, नर्सिंग, शिक्षकी. संघ एकच, बायबल एकच, पण मुलाचा जन्म कुठे झाला यावर शाळा ठरत होती.

नगरच्या शाळांनी काही दिलं नाही असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं कृतघ्नपणा ठरेल. या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मास्तर, परिचारिका आणि कारागीर घडवले. गावकीच्या बेड्यांतून माणसं सुटली. पण वरच्या वर्गात जाणारा जिना कॅम्पातल्या शाळेत होता आणि नगरच्या शाळेत तो बहुतेकांसाठी खालच्या पायऱ्यांवरच संपत होता. ही फट कुणा एका पाद्र्याच्या वाईट हेतूमुळे पडली नाही. भाषा, पैसा, शहर आणि जात या चार गोष्टी एकत्र आल्या की अशी फट आपोआप पडते. म्हणूनच ती भरायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतात.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे याच प्रकारची तक्रार सरकारबद्दल केली होती. पैसा रयतेच्या घामाचा, आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. फुल्यांचं निदान सरकारी शाळेला लागू होतं तसं ते मिशनच्या शाळेलाही लागू होतं.

शाळा वाढली, पण कुणाकडे झुकली?

१८८६ साली पुण्याचं स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झालं. पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्री हे ब्रिटिशांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवलं, नंतर मायदेशी पाठवलं. ज्या अहमदनगरमध्ये त्यांचं मिशन होतं तिथेच जर्मन कैद्यांची छावणी होती, हा इतिहासाचा विचित्र योग. तरीही शाळा टिकल्या. माणसं बदलली तरी काम थांबणार नाही, अशी शिस्त या संस्थांकडे होती. आपल्या संस्थांमध्ये एक अध्यक्ष गेला की दोन गट पडतात आणि शाळेला कुलूप लागतं. त्यांच्याकडून शिकण्यासारखी ही गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, आयरिश शिपाई गेले, बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबंही परदेशी गेली. मग कॅथलिक इंग्रजी शाळा ओस पडायला हव्या होत्या. झालं उलटं. १९६१ साली जेझुइटांनी पुण्यात पाषाण रस्त्यावर लोयोला हायस्कूल सुरू केलं. नकाशा पाहा. शाळा छावणीतून बाहेर पडून पश्चिमेला सरकली, जिकडे नवं पुणं, प्रयोगशाळा, सरकारी संस्था आणि शिकलेला मध्यमवर्ग वाढत होता. पाषाणच्या पुढे सूस आणि बावधन, म्हणजे मुळशीची वेस.

या शाळांच्या बाकांवर आता कोण बसलं? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिशनऱ्यांना म्लेंच्छ म्हटलं, ज्यांच्या आजोबांनी १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांच्या घरी चहा पिणाऱ्यांकडून प्रायश्चित्त मागितलं, त्या वर्गाची नातवंडं रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिली. पंचहौद मिशनच्या त्या चहा प्रकरणात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं होतं. ज्यांच्या चहाने धर्म बुडत होता, त्यांच्या शाळेतल्या प्रवेशाने मात्र तो बुडाला नाही. कारण आता इंग्रजी हे भांडवल झालं होतं. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिएने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं आहे. घरात पुस्तकं असतात, बोलण्याची ढब असते, मुलाखतीला बसणारे आईवडील पदवीधर असतात, आणि शाळा याच गोष्टींना 'गुणवत्ता' म्हणते. फाटकावर जात विचारायची गरजच उरत नाही.

बाबासाहेबांनी काय पाहिलं?

बाबासाहेब मिशनच्या शाळेत घडले नाहीत. साताऱ्याची सरकारी शाळा, मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ ची मॅट्रिक आणि सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती या वाटेने ते गेले. मिशनऱ्यांच्या कामाचा मात्र त्यांनी बारकाईने अभ्यास केला. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र लेखन केलं. त्यांचा एक मुद्दा आजच्या विषयाला थेट भिडतो. मिशनऱ्यांनी शाळा-कॉलेजं आणि दवाखाने यांवर मोठा खर्च केला, पण उच्च शिक्षणाच्या त्या सोयींचा फायदा मुख्यतः सवर्ण हिंदूंनी घेतला. ज्या गरीब धर्मांतरितांच्या जोरावर चर्च उभं होतं, ते मात्र मागे राहिले. चर्चमधल्या जातिभेदावरही त्यांनी बोट ठेवलं. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलतानाही त्यांनी आपली परखड मतं लपवली नाहीत.

टीका करून ते थांबले नाहीत. १९४५ च्या ८ जुलैला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. अस्पृश्यांना फक्त अक्षरओळख पुरेशी नाही, त्यांना वरचं शिक्षण हवं, कारण निर्णय घेणाऱ्या जागा तिथून मिळतात, हे त्यांनी ओळखलं होतं. नगरच्या मिशन शाळेत जो जिना अपुरा राहिला, तो मिलिंदमध्ये बांधला गेला. मराठवाड्यातल्या खेड्यातला मुलगा तिथे पदवीधर झाला आणि त्यातूनच पुढे दलित साहित्य उभं राहिलं, चळवळ उभी राहिली.

त्यांच्याच घरातून उठलेला आवाज

न्याय करायचा तर पूर्ण करू. येशूसंघाने या प्रश्नाकडे कधी पाहिलंच नाही असं नाही. १९७३ साली जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना उघड विचारलं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? आणि नाही, असं उत्तरही त्यांनीच दिलं. समोर बसलेल्या प्रतिष्ठितांना ते रुचलं नाही. १९७४-७५ च्या महासभेत संघाने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची स्थापना हे दोन्ही एकत्र जोडले. नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट क्षेत्र विकासाचं जे काम उभं केलं ते याच परंपरेतलं. आणि फादर स्टॅन स्वामी! आदिवासींच्या जमिनीसाठी लढणारा हा म्हातारा जेझुइट भीमा-कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला आणि ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेला. भीमा-कोरेगावचं नाव घेणारा प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्ता त्यांचा ऋणी आहे.

२०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. दुसरीकडे दलित ख्रिस्ती बांधव १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे आजही अनुसूचित जातीच्या बाहेर आहेत. शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला केंद्रात तो हक्क मिळाला. आपण बौद्धांनी चौतीस वर्षं ही लढाई लढली आहे. धर्म बदलल्याने जातीचे चटके थांबत नाहीत, हा युक्तिवाद आपणच केला होता. मग नगरच्या महार ख्रिस्ती बांधवाच्या वेळी आपण गप्प का?

कायद्याची फट

आता आजचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायला सांगितलं. पण ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्यातून वगळलं. आधार संविधानाच्या कलम ३० चा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची गरज सांगितली.

राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिस्ती शाळांमध्ये सुमारे ७४ टक्के विद्यार्थी बिगर-ख्रिस्ती आहेत. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून वंचित घटकांतले विद्यार्थी फक्त ८.७६ टक्के. हे आकडे हिंदुत्ववादी मंडळी मिशनऱ्यांना झोडपायला वापरतात. आम्ही तसं करणार नाही. ज्यांच्या स्वतःच्या संस्थांमध्ये दलित मुलाला जागा नाही, त्यांना हे आकडे फडकवण्याचा नैतिक हक्क नाही. अल्पसंख्याकांचं कलम ३० हे बाबासाहेबांच्या संविधानाचं कवच आहे आणि आपण स्वतः बौद्ध म्हणून अल्पसंख्याक आहोत. ते कवच आपल्यालाही लागणार आहे.

पण कवच दुबळ्यासाठी असतं. चारपैकी तीन विद्यार्थी बहुसंख्याक किंवा इतर समाजांचे, त्यातही सुस्थितीतले, आणि सूट मात्र अल्पसंख्याक म्हणून, हे चालणार नाही. जी शाळा सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी दार उघडू शकते, तिने तेच दार पिरंगुटच्या कामगाराच्या मुलीसाठीही उघडावं. कायद्याची वाट न पाहता उघडावं. त्यांच्याच अरुपेंच्या प्रश्नाला ते खरं उत्तर ठरेल.

मुळशीत काय करायचं?

मुळशीला फसवणुकीची ओळख नवी नाही. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालं आणि वीज मुंबईला गेली. शंभर वर्षांनी जमिनी आयटी पार्कला आणि टाऊनशिपला गेल्या. संपत्ती याच मातीतून निघाली, पण इथल्या बौद्ध, मातंग, कातकरी मुलांच्या वाट्याला तिच्यातून शाळा किती आली? म्हणून आमचं म्हणणं असं आहे.

एक, आरटीईचे अर्ज भरण्याचं काम प्रत्येक बुद्धविहाराने हाती घ्यावं. अनुसूचित जातीच्या मुलांना वंचित गटातून अर्ज करताना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो, हे अनेक पालकांना ठाऊकच नसतं. दाखला आणि रहिवासाचा पुरावा वेळेआधी काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलच्या खेपा घालण्यात मुदत निघून जाते.

दोन, फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या म्हणून हे घडलं. पुन्हा असा प्रयत्न झाला तर आपण झोपेत सापडता कामा नये.

तीन, ख्रिस्ती संस्थांशी संवाद करा. निवेदन घेऊन जा, मोडतोड करायला नाही. किती जागा वस्तीतल्या मुलांना देता, फी किती माफ करता, दलित ख्रिस्ती मुलं किती, हे नम्रपणे पण लेखी विचारा.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं. जिल्हा परिषदेची शाळा सोडू नका. मुळशीतल्या बहुसंख्य गरीब मुलांची शाळा आजही तीच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसं, विशेषतः आपल्या आया, बसल्या पाहिजेत. इंग्रजी तिथे चांगलं शिकवलं जावं म्हणून भांडलं पाहिजे.

१८६७ ची शाळा आजही उभी आहे, कारण एका समाजाने आपल्या लेकरांसाठी चिकाटीने ती चालवली. तिचं दार आपल्यासाठी उघडावं ही मागणी आपण करूच. पण फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी मागणी करता करता स्वतःची शाळाही बांधली होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनंतर आपण किती बांधल्या आणि ज्या बांधल्या त्या किती नीट चालवल्या, याचा हिशेब आपल्या पुढच्या बैठकीत व्हायला हवा.

जय भीम! नमो बुद्धाय!